आई, लेक आणि सवाई

पुण्यात ‘सवाई’ म्हटले की कोणी सव्वापटीचा हिशेब करत नाही. डिसेंबरच्या मध्याला भरणारा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, एवढाच त्या शब्दाचा अर्थ उरतो. ‘यंदा सवाईला कोण कोण आहे?’ या एका प्रश्नात दोन प्रश्न असतात. व्यासपीठावर कोण गाणार-वाजवणार, हा पहिला. घरातून ऐकायला कोण जाणार, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर पुष्कळ घरांत वर्षानुवर्षे ठरलेले असते: आई आणि लेक. लेक शाळा-कॉलेजात असताना पडलेला हा शिरस्ता तिचे लग्न झाले, नोकरी लागली, बिऱ्हाड हडपसरला किंवा हैदराबादला गेले तरी सुटत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलीसुद्धा नाताळच्या सुट्टीला चार दिवस आधीची रजा जोडून सवाई गाठतात.

मराठी घरात मायलेकींनी एकत्र येण्याचे प्रसंग कमी नाहीत. मंगळागौर आहे, गौरी आहेत, दिवाळीचे माहेरपण आहे, नवरात्रात देवीची ओटी भरायला जाणे आहे. पण या बहुतेक प्रसंगांत दोघींपैकी एकीला, आणि खरे पाहता दोघींनाही, काम असते. पुरण वाटायचे, सवाष्णींना वाढायचे, आल्या-गेल्याचे पाहायचे. माहेरी आलेली लेक चार दिवस विसावते ती आई स्वयंपाकघरात उभी असते म्हणून. सवाईच्या मंडपात दोघींना कोणतेच काम नसते. कोणाला वाढायचे नाही, कोणाची उठबस करायची नाही, फार बोलायचेही नाही. दोघींची तोंडे एकाच दिशेला आणि दोघी सारख्याच रिकाम्या. या रिवाजाचे खरे मोल तिथे आहे.

महोत्सवाची मुळे धारवाडच्या मुलखात आहेत. कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर (१८८६–१९५२) हे किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. मराठी रंगभूमीवर त्यांनी स्त्री-भूमिका गाजवल्या आणि ‘सवाई गंधर्व’ ही पदवी त्यांना कायमची चिकटली. १२ सप्टेंबर १९५२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी पुण्यात गुरूंच्या स्मृतीसाठी संगीतोत्सव सुरू केला. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर ही गुरुभावंडे बरोबर होती. आर्य संगीत प्रसारक मंडळ या संस्थेने तो पुढे चालवला. भीमसेनजी नुसते गायला बसत नसत. कलाकारांना बोलावण्यापासून उत्सवाची सगळी घडी बसवण्यात त्यांचा हात असे. २४ जानेवारी २०११ रोजी ते गेले आणि त्याच वर्षीपासून गुरूच्या नावाला शिष्याचे नाव जोडले गेले.

अनेक वर्षे हा उत्सव न्यू इंग्लिश स्कूलच्या रमणबागेतल्या मैदानावर होत असे. शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतल्या माणसांना चप्पल पायात घातली की पाच-दहा मिनिटांत मंडप. २०१८ पासून तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात हलला. मैदान प्रशस्त मिळाले, पण पेठेत राहणाऱ्या वयस्क बायकांची चालत जाण्याची सोय गेली. उलट बाजूने पाहिले तर सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली, तेव्हापासून पिंपरी-चिंचवडच्या लेकीला ऑफिसातून परस्पर मंडपाकडे येणे सोपे झाले. रमणबागेच्या आठवणी काढणारी पिढी अजून मंडपात बसते आहे. तिच्या शेजारी बसलेल्या नातवंडांना मात्र सवाई म्हणजे मुकुंदनगरच.

या रिवाजाकडे नुसते हौसेचे प्रकरण म्हणून पाहिले तर त्यामागची वाट दिसत नाही. बायकांनी उघड्यावर बसून गाणे ऐकणे ही महाराष्ट्रात फार जुनी गोष्ट नाही. देवळातले कीर्तन चालत असे, घरातल्या जात्यावरच्या ओव्या तर त्यांच्याच होत्या. संगीत नाटकाला कुलीन घरच्या बायका जाऊ लागल्या तेव्हा त्यांच्या बसण्याची जागा वेगळी राखलेली असे. मैफल मात्र दिवाणखान्यातली, पुरुषांची. गाणारी बाई पुष्कळदा समोर असे, पण तिचे गाणे घरातल्या बाईच्या कानी पडले तर आतल्या खोलीतून, दाराआडून.

ही चौकट मोडण्यात हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांचा वाटा मोठा. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही मुलगी. आईवडील वेगळे झाल्यावर ताराबाईंनी पाचही मुले वाढवली आणि ती पाचही गाण्यात राहिली. सुरेशबाबू, हिराबाई आणि सरस्वतीबाई राणे ही त्यांतली सर्वांत ठाऊक असलेली नावे. तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत हिराबाई होत्या. अंगभर लुगडे, हातवारे नाहीत, अदा नाही, मागे तानपुरे आणि नजर सुरावर. असे गाणे ऐकायला मुलीबाळींना घेऊन जाण्यात लोकांना संकोच वाटेनासा झाला. आज आई आणि लेक तिकीट काढून निःसंकोच सतरंजीवर बसतात, तेव्हा ती जागा त्यांच्यासाठी कोणीतरी आधी झाडून ठेवलेली असते.

सवाईच्या व्यासपीठानेही मायलेकींच्या जोड्या पाहिल्या. त्यातली पहिली गंगूबाई आणि कृष्णा यांची. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांच्या आई अंबाबाई कर्नाटक संगीत गात. मुलीचा कल हिंदुस्तानी गाण्याकडे आहे हे पाहिल्यावर, आपल्या पद्धतीची छाया तिच्या गळ्यावर पडू नये म्हणून अंबाबाईंनी स्वतःचे गाणेच आवरते घेतले. पुढे गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकल्या. घशाच्या दुखण्यानंतर त्यांचा आवाज रुंद, भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला आणि तीच त्यांची ओळख ठरली. मुलगी कृष्णा मागे बसून साथ करी. आई मंद्रात आणि मध्य सप्तकात खांब रोवल्यासारखी स्थिर, आणि तार षड्जाच्या आसपास लेकीचा हलका आवाज ते गाणे उचलून धरणारा. श्रोत्यांना ते दोन गळ्यांचे एक गाणे वाटे. कृष्णा २००४ साली आईच्या आधी गेली. त्यानंतरही गंगूबाई गायल्या, पण मागची ती जागा ज्यांनी भरलेली पाहिली होती त्यांना तिचे रितेपण ऐकू येत राहिले.

दुसरी जोडी मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) आणि किशोरी आमोणकर. मोगूबाई गोव्यातल्या कुर्डीच्या. मोगूबाईंनी जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम अल्लादिया खाँसाहेबांकडून घेतली आणि लेकीला दिली ती कठोरपणे. एखादी जागा आई दोन-तीनदाच गाई, तेवढ्यात ती पकडायची. लहानपणी आईच्या मागे तानपुऱ्यावर बसून गावोगाव हिंडताना आईला मिळणारी अपुरी बिदागी आणि कमीपणाची वागणूक किशोरीताईंनी पाहिली. पुढे स्वतःच्या मैफलीत शांततेचा, वेळेचा, मानाचा त्यांनी जो आग्रह धरला त्याची पुष्कळांनी तक्रार केली. त्या आग्रहाचे मूळ आईच्या मागे बसलेल्या त्या मुलीच्या नजरेत शोधले तर तक्रारीला जागा राहत नाही. किशोरीताईंच्या शिष्या माणिक भिडे यांनी आपल्या लेकीला, अश्विनी भिडे-देशपांडे यांना, घरातच तयार केले. मोगूबाई ते अश्विनीताई असा हा प्रवाह आईकडून लेकीकडे, गुरूकडून शिष्येकडे आणि पुन्हा आईकडून लेकीकडे आला.

मंडपातल्या आया अशा नामवंत नसतात. पण त्यांतल्या कितीतरी जणींचे गाण्याशी अपुरे राहिलेले नाते असते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षा दिलेल्या मुली महाराष्ट्रातल्या गावोगावी सापडतात. विशारदपर्यंत पोहोचणाऱ्या त्याहून कमी. लग्न झाले, मिरजेहून आणलेला तानपुरा गवसणीत गेला, पेटी माळ्यावर चढली. ‘पुढे वेळच झाला नाही’ एवढ्या एका वाक्यात ती हकिकत संपवली जाते. लेकीला हे वाक्य लहानपणापासून पाठ असते, पण आईच्या आत काय शिल्लक आहे ते तिला कळते मंडपात. गायकाने नुसता आ लावून चार स्वर घेतले की शेजारून हलकेच आवाज येतो: ‘पूरिया.’ समोरच्या पडद्यावर रागाचे नाव यायच्या आधी. स्वयंपाकघरात, दवाखान्यात, शाळेच्या पालकसभेत न दिसलेली आई त्या एका शब्दात दिसते.

ऐकायला शिकवणे हा या रिवाजाचा गाभा आहे आणि तो वर्गात बसवून होत नाही. त्याची एक रीत जवळून पाहण्यासारखी आहे. आई लेकीचा डावा तळहात आपल्या मांडीवर घेते. हाताच्या चार बोटांवर तीन-तीन पेरी आणि एक-एक टोक धरले तर प्रत्येक बोटावर चार खुणा होतात, चार बोटांवर सोळा. तीनतालाच्या मात्रा नेमक्या सोळा. करंगळीच्या मुळाशी सम, पहिली मात्रा. करंगळी संपली की अनामिकेच्या मुळाशी पाचवी. मधल्या बोटाच्या मुळाशी नववी, ती काल, म्हणजे खाली. तर्जनीवर तेरावी, आणि तर्जनीच्या टोकाशी सोळा पुऱ्या झाल्या की पुन्हा करंगळीवर सम. आईचा अंगठा लेकीच्या पेरांवरून तबल्याबरोबर सरकत राहतो. मधल्या बोटावर आला की डग्ग्याचा घुमारा ओसरतो, तर्जनीवर तो परत भरू लागतो. गायक तानांच्या आडरानात शिरला तरी अंगठा चालतच असतो. मुखडा पकडून तो समेवर येतो त्याच क्षणी अंगठा करंगळीच्या मुळाशी टेकतो आणि हजारो मुंड्या एकदम हलतात. एकदा हे बोटांवर अनुभवले की सम म्हणजे काय ते पुस्तकात वाचावे लागत नाही. विलंबित एकतालात मात्रा इतक्या लांबतात की मधे अंगठा थबकून राहतो. तिथे नवशिक्या लेकीचा हिशेब चुकतो आणि आई नुसतीच मान हलवते.

मोठ्या झालेल्या लेकीचा हात आई असा क्वचितच हातात घेते. चाळिशीच्या मुलीला तो देणे अवघडही वाटावे. तालाच्या निमित्ताने ते घडून जाते.

आईला आणि लेकीला मिळालेली सवाई मात्र एकच नाही. आईने ऐकलेला उत्सव रात्रीचा होता. तीन रात्री, आणि प्रत्येक रात्र उजाडेपर्यंत. संध्याकाळी शिरलेली माणसे दुसऱ्या दिवशी दूधवाल्याबरोबर घरी परतत. विवाहित बाईने रात्रभर घराबाहेर राहणे पन्नास-साठ वर्षांपूर्वी सहज नव्हते. शेजारणींचा घोळका, घरातले वडीलधारे कोणी, किंवा आई, अशी सोबत लागे. ‘आईबरोबर सवाईला जाते’ या वाक्याला सासरी सहसा कोणी हरकत घेत नसे. रिवाज मुळात पडला तो असा, सोयीतून. सोबतीची गरज संपली, सोबत टिकली.

त्या रात्रींना एक क्रम होता. संध्याकाळी सनई, मग यमन, पूरिया कल्याणसारखे राग, रात्र चढली की बागेश्री, दरबारी, मालकंस, आणि अखेरच्या कलाकाराच्या वाट्याला ललत, तोडी, भैरव. हिंदुस्तानी संगीतात रागाला वेळ नेमून दिलेली आहे आणि रात्रभराच्या मैफलीत ती वेळ खरीखुरी येऊन भेटते. पहाटे साडेचार-पाचला मंडपाच्या कनातीतून गार वारा आत येतो आहे, लेक आईच्या मांडीवर डोके ठेवून शालीखाली झोपली आहे, आणि ललतातले दोन मध्यम लागल्याबरोबर आई तिला हलवून जागे करते, ‘ऊठ, हे ऐकून ठेव’, असे चित्र त्या पिढीच्या बोलण्यात वारंवार येते. लेकींना आठवतो तो राग नसतो बहुधा. शालीचा वास आणि आईचा हात आठवतो. राग मागाहून ओळखीचा होतो.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई केली. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देण्याची मुभा राज्य सरकारांना मिळाली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अंमलबजावणी कडक झाली. सवाईचे रूप त्यामुळे मुळापासून बदलले. रात्री गेल्या, दिवस वाढले. आता साधारणपणे बुधवार ते रविवार, दुपारी तीन-चारपासून रात्री दहापर्यंत, शनिवारी बारापर्यंत, आणि रविवारी दुपारी बारापासूनच सुरुवात असे वेळापत्रक असते. झोपमोड करून घेणाऱ्या शेजाऱ्यांची, आजाऱ्यांची, परीक्षेच्या मुलांची बाजू खरी होती, हे मान्य करायला हवे. पण नुकसान झालेच. ललत, तोडी, भटियार हे राग उत्सवातून जवळजवळ गेले, दरबारीला मध्यरात्र मिळेनाशी झाली. त्याच्या बदल्यात जे आले तेही थोडके नाही. पूर्वी दुपारचे राग मैफलीत फारसे कोणी गात नसे, कारण मैफलीच दुपारी नसत. आता मुलतानी, भीमपलास, पटदीप ऐकायला मिळतात. दुपार कलताना श्री आणि मारवा लागतात, आणि मंडपाच्या फटीतून येणारे ऊन खरोखरच कललेले असते. या रागांच्या बाबतीत लेकीचा कान आईपेक्षा सरस झाला आहे. पहाट आईकडे, दुपार लेकीकडे, अशी ही वाटणी. लेक आईची पहाट हुडकायला दिवाळी पहाटेच्या मैफलींना जाते, पण तिथे बहुधा नाट्यपदे आणि भावगीते असतात. ललत ऐकायचा तर ध्वनिमुद्रणे धुंडाळावी लागतात.

तयारी महिनाभर आधी सुरू होते. कलाकारांची यादी जाहीर झाली की आईचा फोन जातो. पाचही दिवसांचे सीझन तिकीट घ्यायचे की निवडक दिवसांचे, यावर चर्चा होते आणि बहुधा सीझनच निघते. बसायला खुर्च्या असतात, पुढे सोफे असतात, आणि भारतीय बैठक असते, म्हणजे सतरंज्या. ज्यांना गाणे बसून, मांडी घालून, मागेपुढे डोलत ऐकायची सवय आहे त्यांना बैठकच हवी. तिथे क्रमांक नसतात. दार उघडल्याबरोबर पोहोचायचे, खांबाची टेकण मिळाली तर उत्तम, आणि शाल अंथरून जागा धरायची. आजूबाजूला दरवर्षी तीच माणसे येऊन बसतात. त्यांची नावे ठाऊक नसतात, पण एखाद्या वर्षी कोणी दिसले नाही तर चुकचुकल्यासारखे होते.

पिशवीत काय न्यायचे तेही ठरलेले. थर्मासात चहा किंवा दूध घातलेली कॉफी, दशम्या किंवा गुळपोळी, शेंगदाण्याची चिक्की, संत्री, कानटोपी, दोन शाली. डिसेंबरात पुण्यात ऊन पडले तरी सूर्य मावळल्यावर मैदानावर चांगलीच थंडी उतरते. बाहेर खाण्याचे स्टॉल असतात आणि मध्यंतरात तिथे गर्दीही उसळते. पण एक कलाकार उतरून दुसरा तानपुरे जुळवेपर्यंतच्या अवधीत जागेवर बसून डबा उघडण्याची गोडी वेगळी. गायन चालू असताना खाण्याच्या पिशव्यांची चुरचुर होऊ नये म्हणून जाणत्या बाया डबे फडक्यात बांधून आणतात.

काही घरांत एक वही असते. साधी, शंभर पानी. प्रत्येक मैफलीची एक नोंद: तारीख, कलाकार, राग, विलंबित कोणत्या तालात, द्रुत कोणत्या, तबल्याला कोण, पेटीला कोण, आणि शेवटी आवडले की नाही यासाठी एक-दोन शब्द. ‘मारवा. आवाज बसलेला, पण काय गायला!’ अशा नोंदी पेन्सिलीने अंधारात केलेल्या असतात म्हणून ओळी वाकड्या जातात. वर्षे गेली तसे मधूनच अक्षर बदलते. आईला चाळिशीवाचून दिसेनासे झाले, वही लेकीकडे आली. कोणी फोनवर नोंदी ठेवतात, त्या शोधायला सोप्या. पण वहीची जुनी पाने उलटताना मैफलींच्या कडेने घरही सापडते. एका वर्षी समासात लिहिलेले असते, ‘मुलीला ताप, फक्त पहिला दिवस.’

महोत्सव हल्ली मंडपापुरता उरलेला नाही. शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात त्या दिवसांत सकाळी ‘षड्ज’ या उपक्रमात कलाकारांवरचे माहितीपट दाखवतात आणि ‘अंतरंग’मध्ये मुलाखती होतात. नोकरी करणाऱ्या लेकीला सकाळ मोकळी नसते, म्हणून आई एकटी किंवा मैत्रिणींबरोबर जाऊन येते आणि दुपारी लेक भेटली की तिला ते सगळे सांगते. मोगूबाई-किशोरीताईंच्यासारख्या गोष्टी लेकींपर्यंत अशाही पोहोचतात, दोन कलाकारांच्या मधल्या दहा मिनिटांत, संत्रे सोलता सोलता.

वर्षे लोटतात तशी बसण्याची जागा बदलते. गुडघे बोलू लागले की मांडी घालणे सरते. आई खुर्चीवर जाते. बैठकीचे तिकीट वेगळे, खुर्चीचे वेगळे. लेकीला अजून सतरंजीच आवडते, तरी ती खुर्चीचे तिकीट काढते. पूर्वी शाल आई आणत असे, आता लेक आणते. औषधाची वेळ तिच्या फोनवर वाजते, तोही आवाज बंद करून ठेवलेला, नुसता थरथरणारा. मध्यंतरात स्वच्छतागृहाची रांग, उतारावर हात धरणे, परतीच्या रिक्षाची सोय, हे सारे तिच्याकडे येते. फक्त रागाचे नाव आधी कोण ओळखणार ही चढाओढ तशीच चालू राहते, आणि ऐकू कमी येऊ लागलेली आईही ती पुष्कळदा जिंकते. कारण राग ओळखायला शब्द लागत नाहीत. स्वर कसा लागतो आणि कुठून कुठे जातो एवढेच लागते.

खंडही पडले. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची साथ होती, म्हणून त्या वर्षीचा उत्सव पुढे ढकलून जानेवारी २०१० मध्ये झाला. करोनामुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे तो झालाच नाही. २०२२ मध्ये अडुसष्टावा महोत्सव भरला तेव्हा काही जोड्यांतली एकच आली. अशा वेळी कोणी शेजारची खुर्ची मोकळी ठेवते, कोणी आपल्या मुलीला प्रथमच बरोबर आणते. ती सुरुवातीला फोनमध्ये डोके घालून बसते. तबल्याची लय वाढली की मान वर करते.

रविवारी रात्री शेवटच्या कलाकाराची भैरवी होते. भीमसेनजींच्या पश्चात कित्येक वर्षे हा मान प्रभा अत्रे यांचा होता. सुरेशबाबू आणि हिराबाई यांच्याकडे शिकलेल्या प्रभाताई जानेवारी २०२४ मध्ये गेल्या. कलाकार उतरल्यावरही जाणती माणसे उठत नाहीत. उत्सवाची सांगता व्हायची राहिलेली असते. ध्वनिक्षेपकावरून सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लागते, जेमतेम तीन मिनिटांची, कारण त्या काळच्या तबकडीत तेवढेच मावत असे. सुरुवातीला खरखर, मग त्यातून वर येणारा एक नाजूक, टोकदार आवाज. एवढ्या मोठ्या मंडपात त्या वेळी कोणी बोलत नाही. तबकडी थांबते. स्वयंसेवक मागच्या बाजूने सतरंज्या गुंडाळायला लागतात, आई पायांत चपला सरकवते आणि लेक थर्मासात उरलेली घोटभर कॉफी दोन झाकणांत ओतते.